ही फाइल पुढे कोण उघडणार?

जानेवारीत चौथं सत्र सुरू होतं आणि दुसऱ्या वर्षाची मुलं मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत येतात. पहिल्या प्रॅक्टिकलच्या शीटवर एक ओळ छापलेली असते: नॅस्म, मग वजा एफ, मग एल्फ६४, मग आपल्या फाइलचं नाव. मुलं ती ओळ टाइप करतात, एंटर मारतात, एरर आला नाही की पुढच्या ओळीकडे वळतात. मी एखाद्याच्या खुर्चीमागे उभी राहून विचारते, "एल्फ६४ का लिहिलंस?" उत्तर ठरलेलं असतं. "शीटवर आहे म्हणून, मॅडम."

उत्तर प्रामाणिक आहे, त्यामुळे रागावता येत नाही. वीस वर्षं मी ते ऐकते आहे आणि दर वर्षी मला जास्त टोचतं, कारण ती शीट आम्ही शिक्षकांनी छापली आहे. तिच्यात काय टाइप करायचं ते आहे, का ते नाही. असेंब्लीचा सगळा अभ्यासक्रम रजिस्टर आणि इंटरप्टमध्ये संपतो आणि प्रोग्राम ज्या फाइलमध्ये बसून बाहेर पडतो तिच्याविषयी कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या एका शब्दाची निवड विद्यार्थ्याला स्वतः करता आली पाहिजे, आणि आम्ही ती शिकवली पाहिजे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रोसेसरला आकडे कळतात. त्या आकड्यांना माणसाला वाचता येतील अशी नावं दिली की झाली असेंब्ली. असेम्बलर नावाचा प्रोग्राम, आमच्या शीटवरचा नॅस्म हा त्यातलाच एक, त्या नावांचे परत आकडे करतो. पण आकडे झाले म्हणून काम संपत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये 'छापणारं फंक्शन बोलव' असं लिहिलेलं असतं आणि ते फंक्शन असतं दुसऱ्याच फाइलमध्ये. मेमरीत ते नेमकं कुठे बसणार, हे असेम्बलरला ठाऊक नसतं. म्हणून तो तेवढी जागा मोकळी सोडतो आणि नोंद करून ठेवतो: अमुक ठिकाणचे चार बाइट भरायचे आहेत, तिथे अमुक नावाचा पत्ता घाला. कोड, डेटा, नावांची यादी आणि या मोकळ्या जागांची यादी एकत्र बांधली की होते ऑब्जेक्ट फाइल. पुढे लिंकर अशा अनेक फाइली जोडतो, जागा भरतो आणि चालणारा प्रोग्राम तयार करतो. हे गाठोडं कसं बांधायचं, कोणती यादी कुठे ठेवायची, याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. लिनक्सची एल्फ, विंडोजची कॉफ, ॲपलची माक-ओ, जुन्या डॉसची ओएमएफ. वजा एफच्या पुढचा शब्द म्हणजे ही रीत.

माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क होते. मागावरच्या कापडाच्या गाठी मुंबईला, अहमदाबादला जायच्या. गाठ कितीही घट्ट बांधलेली असली तरी बिल्टीशिवाय ती ट्रकमध्ये चढत नसे. पाठवणार कोण, घेणार कोण, गाठी किती, वजन किती, मार्का कोणता. शाळा सुटली की मी ऑफिसात जाऊन बसायची. व्यापाऱ्याचा माणूस आला की आप्पांचा पहिला प्रश्न कापडाविषयी कधीच नसायचा. कार्बन घातलेलं पुस्तक पुढे ओढत ते विचारायचे, "माल सोडवणार कोण?" त्या उत्तरावर बिल्टी कशी लिहायची ते ठरायचं. मी ऑब्जेक्ट फाइल शिकवायला उभी राहते तेव्हा मला तेच पुस्तक दिसतं. फॉरमॅट ठरतो तो फाइल सोडवून घेणाऱ्यावरून. तो लिनक्सचा लिंकर असेल तर एक बिल्टी, विंडोजचा असेल तर दुसरी, आणि समोर नुसती चिप असेल तर तिसरीच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९९७ साली मी इचलकरंजीतल्या एका लहान कारखान्यात नोकरीला होते. यंत्रमागावर बसवायचे इलेक्ट्रॉनिक काउंटर आम्ही तयार करत होतो. धोटा एकदा आडवा गेला की एक पिक. काउंटरनं पिक मोजायचे आणि आकडा दाखवायचा. आत ८०३१ हा प्रोसेसर होता. त्याच्या पोटात प्रोग्राम ठेवायला जागा नसते, म्हणून शेजारी २७६४ जातीची ८ किलोबाइटची ईप्रॉम चिप असायची. प्रोग्राम मी असेंब्लीत लिहिला होता आणि तो एका बोर्डवर नीट चालत होता. सोमवारी बारा काउंटर द्यायचे होते. रविवारी रात्री एकटीनं बसून मी बारा चिप भरल्या. प्रोग्रामर यंत्रानं प्रत्येक चिपला 'व्हेरिफाय ओके' म्हटलं. सकाळी बारा बोर्डांना वीज दिली आणि एकाही काउंटरवर आकडा उमटला नाही.

दुपारपर्यंत मी सोल्डरिंग तपासलं, क्रिस्टल बदलले, वीजपुरवठा मोजला. शेवटी एक चिप काढून परत यंत्रात घातली आणि तिच्यात काय आहे ते पडद्यावर वाचलं. उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात अपूर्णविराम दिसला, त्याच्यापुढे १०, त्याच्यापुढे शून्यं. माझ्या फाइलची पहिली ओळ जशीच्या तशी चिपमध्ये जाऊन बसली होती.

माझ्या असेम्बलरनं दिलेली फाइल इंटेल हेक्स फॉरमॅटची होती. या फॉरमॅटमध्ये प्रत्येक ओळ अपूर्णविरामानं सुरू होते. मग या ओळीत किती बाइट आहेत तो आकडा, मग ते कुठे ठेवायचे तो पत्ता, मग ओळीचा प्रकार, मग खुद्द बाइट, आणि शेवटी चुका पकडण्यासाठी बेरजेवरून काढलेला एक बाइट. हे सगळं साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं, म्हणजे एका बाइटला दोन अक्षरं लागतात. सोळा बाइट पोचवायला ओळ बदलण्याच्या खुणांसकट पंचेचाळीस अक्षरं खर्ची पडतात. ही बिल्टी प्रोग्रामर यंत्राच्या सॉफ्टवेअरनं वाचायची असते, आतले बाइट सोडवून घ्यायचे असतात आणि तेवढेच चिपमध्ये भरायचे असतात. त्यासाठी फाइल उघडताना 'हेक्स' असं सांगावं लागतं. मी पडद्यावर आधीच निवडलेला 'बायनरी' हा पर्याय तसाच राहू दिला होता. यंत्रानं सांगितलं ते केलं आणि व्हेरिफायमध्ये खरं तेच सांगितलं: फाइलमध्ये जे आहे ते चिपमध्ये आहे.

त्या सकाळी ८०३१ नं काय केलं असेल, ते मी नंतर कागदावर काढलं. अपूर्णविरामाचा कोड ३ए. ८०३१ हा ८०५१ च्या कुटुंबातला, आणि त्या कुटुंबात ३ए म्हणजे एक रीतसर सूचना आहे: ॲक्युम्युलेटरमध्ये आर२ आणि हातचा मिळवा. पुढचं अक्षर १, त्याचा कोड ३१. त्याच्या पुढचं ०, त्याचा कोड ३०. ही दोन मिळून दुसरी रीतसर सूचना होते: ०१३० या पत्त्यावरचं सबरूटीन बोलवा. प्रोसेसर इमानानं तिकडे गेला, आणि तिथेही माझ्याच फाइलमधली अक्षरं पसरलेली होती. त्याला बिल्टी आणि माल यांतला फरक कळत नाही. तो बिल्टीचा कागदच कापड समजून शिवत बसला. चिपच्या काचेवरचं स्टिकर काढून ती अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवली की पुसली जाते. बारा चिप पुसून, नीट भरून मंगळवारी माल गेला. मालकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, पण मला तो एक दिवस पुढं आयुष्यभर पुरला.

त्या चिपला हवे होते नुसते बाइट, आणि नॅस्ममध्ये या प्रकाराला 'बिन' म्हणतात. यात बिल्टीच नाही. नावं नाहीत, याद्या नाहीत, हेडर नाही. लिहिलं तेवढंच फाइलमध्ये येतं. ज्याच्यापुढे दुसरं कुणी नाही, माल स्वतःच्या हातानं दारात नेऊन टाकायचा आहे, त्याच्यासाठी ही निवड योग्य. पीसी सुरू होताना जुन्या पद्धतीचं बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतं, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का बघतं आणि तो सेक्टर ७सी०० या पत्त्यावर ठेवून तिथे उडी मारतं. बायोसला एल्फ कळत नाही. त्याला एल्फ फाइल दिली तर ते तिच्या हेडरलाच सूचना समजून चालवायला जाईल, माझ्या ८०३१ सारखं. उलट लिंकरला बिन दिली तर तो म्हणतो, फाइलचा प्रकार ओळखता येत नाही. दोघांचंही बरोबर आहे.

आणि एक गोष्ट मुलांना सांगितली की ती थांबून ऐकतात. फॉरमॅट बदलला की नुसतं गाठोडं बदलत नाही, आतला मालसुद्धा बदलू शकतो. नॅस्मला तुम्ही बिट्स किती ते सांगितलं नाही, तर तो फॉरमॅटवरून अंदाज बांधतो: बिन असेल तर १६, एल्फ३२ असेल तर ३२, एल्फ६४ असेल तर ६४. 'मूव्ह ईएएक्स, ६०' ही एकच ओळ १६ बिटांत ६ बाइटची होते, कारण तिच्यापुढे ६६ हा एक जादा बाइट लागतो. ३२ आणि ६४ बिटांत तीच ५ बाइटची. ४८ हा बाइट ३२ बिटांत 'ईएएक्स एकानं कमी कर' असं सांगतो, ६४ बिटांत तोच 'पुढची सूचना पूर्ण ६४ बिटांची आहे' असं सांगतो. तोच बाइट, दोन अर्थ. कुठला घ्यायचा हे फाइल उघडणाऱ्याला हेडरवरून कळतं. एल्फ फाइलचा पहिला बाइट १२७, मग ई, एल, एफ ही तीन अक्षरं, आणि त्यानंतर लगेच पाचव्या बाइटमध्ये १ असेल तर ३२, २ असेल तर ६४. एका बाइटवर एवढं अवलंबून आहे.

याच एका बाइटवरून तीन वर्षांपूर्वी माझ्या बॅचमधला एक मुलगा आठवडाभर अडकला होता. तासगावकडचा, शांत, मन लावून काम करणारा. हेक्साडेसिमल संख्येचं बीसीडी करून छापायचं, हा नेहमीचा प्रयोग. त्यानं भावाच्या जुन्या वहीतून प्रोग्राम घेतला होता, तो ३२ बिटांचा. त्यानं एल्फ३२ मध्ये असेम्बल केला. लिंकरनं तक्रार केली: आय३८६ ची फाइल एक्स८६-६४ च्या आउटपुटशी जुळत नाही. इथे बरोबर मार्ग दोन होते. एक, लिंकरलाच सांगायचं की आउटपुट ३२ बिटांचं हवं आहे. दोन, प्रोग्राम ६४ बिटांच्या रीतीनं नव्यानं लिहायचा. त्यानं तिसराच केला. एल्फ३२ चं एल्फ६४ केलं आणि रजिस्टरांच्या नावांतला ई खोडून आर घातला. ईएसपीचं आरएसपी, ईसीएक्सचं आरसीएक्स. लिंकर गप्प झाला.

"मॅडम, फॉरमॅट बदलला की एरर जातोय."

"जातोय खरा. पण कुठं जातोय ते बघितलंस का?"

त्याचा मजकूर, म्हणजे 'उत्तर आहे' ही अक्षरं, पडद्यावर व्यवस्थित येत होती. उत्तराचे आकडे मात्र येत नव्हते. एरर नाही, प्रोग्राम कोसळत नाही, नुसती रिकामी जागा. गणित त्यानं दहा वेळा तपासलं होतं आणि गणित बरोबर होतं.

चूक होती ती लिनक्सला हाक मारण्याच्या पद्धतीत. त्यानं इंटरप्ट ८० तसाच ठेवला होता. ती ३२ बिटांची हाक आहे. ६४ बिटांच्या प्रोग्राममधून ती मारली तरी लिनक्सचा कर्नल सहसा ओ देतो, पण पत्त्याचे खालचे ३२ बिटच बघतो. डेटा सेक्शनमधला मजकूर मेमरीत खालच्या पत्त्यावर बसलेला होता, त्याचा पत्ता ३२ बिटांत मावत होता, म्हणून तो छापला गेला. आकडे त्यानं स्टॅकवर ठेवले होते. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये स्टॅक फार वरच्या पत्त्यावर असतो, तो पत्ता अर्धा कापला गेला आणि कर्नल उणे १४ हा आकडा परत देऊन मोकळा झाला: पत्ता चुकीचा आहे. तो परत आलेला आकडा प्रोग्राममध्ये कुणी वाचतच नव्हतं. ६४ बिटांची हाक वेगळी आहे, तिचे क्रमांकही वेगळे. छापण्याचा क्रमांक जुन्या पद्धतीत ४, नव्यात १. आणि जुन्या पद्धतीत १ म्हणजे 'प्रोग्राम संपव'. बिल्टी बदलली, माल तोच ठेवला, आणि पोचायचं ठिकाण तर तिसरंच. लिंकरनं फक्त बिल्टी पाहिली, कारण त्याचं काम तेवढंच असतं.

त्या मुलाला हुशारी कमी पडली नव्हती. फॉरमॅट हा एक निर्णय आहे, हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तो लिंकरला गप्प करायचा शब्द होता.

विंडोजचा लॅपटॉप घेऊन येणाऱ्या मुलांची अडचण निराळी. शीटवरची एल्फ६४ ची ओळ तिथे नॅस्म बिनतक्रार चालवतो, कारण नॅस्म एका सिस्टीमवर बसून दुसऱ्या सिस्टीमसाठीही फाइल देऊ शकतो. त्याची मोठी खुबी हीच. पण विंडोजच्या लिंकरला कॉफ हवी, म्हणजे वजा एफच्या पुढे विन६४. तेवढं बदलूनही भागत नाही. लिनक्सवर फंक्शनचा पहिला आकडा आरडीआयमध्ये द्यायचा, दुसरा आरएसआयमध्ये. विंडोजवर पहिला आरसीएक्समध्ये, दुसरा आरडीएक्समध्ये, आणि वर स्टॅकवर ३२ बाइटची मोकळी जागा सोडायची. मॅकवर गेलात तर सी भाषेतल्या प्रत्येक नावापुढे एक अधोरेषा लावावी लागते. डेन्मार्कचे ॲग्नर फॉग यांनी एका फॉरमॅटची ऑब्जेक्ट फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून देणारं एक उत्तम साधन लिहिलं आहे, मी ते वापरते. पण ते गाठोडं बदलून देतं. आरडीआयचं आरसीएक्स करणं हे त्याचं काम नाही, ते तुमचं.

या वेगवेगळ्या रीती आल्या कुठून, हे थोडं तरी सांगितलं की मुलांचा विरोध मावळतो, असा माझा अनुभव आहे. जीसीसी या कम्पायलरनं प्रोग्राम तयार केला आणि नाव दिलं नाही, तर फाइलचं नाव 'ए डॉट आउट' पडतं. मुलं ते रोज पाहतात. ते 'असेम्बलर आउटपुट'चं लघुरूप आहे, युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं. फॉरमॅटचंही नाव तेच होतं. पीडीपी-११ या संगणकावर त्या फाइलचा पहिला शब्द होता अष्टमान पद्धतीत ०४०७, आणि तो ओळखखूणही होता आणि सूचनाही: आठ शब्दांचं हेडर ओलांडून पुढे उडी मार. ज्याला हेडर कळत नाही त्यानंही ते चालवलं तर तो आपोआप मालापर्यंत पोचेल अशी सोय. मला हे फार आवडतं. लिनक्सनंही सुरुवातीला ए डॉट आउट वापरला. त्यात सामायिक लायब्ररी करायची तर प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला एक ठरलेला पत्ता द्यावा लागे आणि दोघींचे पत्ते एकमेकींवर येऊ नयेत म्हणून त्यांची यादी सांभाळावी लागे. कंटाळून १९९५ च्या सुमाराला सगळे एल्फकडे वळले, जो युनिक्स सिस्टीम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आला होता. एक्स८६ वरच्या लिनक्स कर्नलमधून ए डॉट आउटचा आधार २०२२ मध्ये काढून टाकला. नाव तेवढं उरलं. आज ए डॉट आउट नावाची फाइल उघडून पाहिलीत तर आत एल्फ असतो.

मला सहकारी म्हणतात, एवढं कशाला? आता असेंब्ली लिहितो कोण, आणि कम्पायलर हे सगळं बघून घेतो. त्यांच्या या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. कम्पायलर बघून घेतो, पण जिथे माणूस हातानं असेंब्लीची फाइल जोडतो तिथे नाही. एक उदाहरण देते. लिनक्सवरच्या एल्फ फाइलमध्ये एक रिकामा सेक्शन असतो, त्याचं काम एवढंच सांगणं की माझ्या कोडला स्टॅकवरून सूचना चालवण्याची गरज नाही. जीसीसी तो आपणहून घालतो. हातानं लिहिलेल्या असेंब्लीत तो घालायचा राहिला, तर लिंकर समजतो की गरज आहे, आणि सगळ्याच प्रोग्रामचा स्टॅक चालवता येण्याजोगा करून ठेवतो. म्हणजे घुसखोराला एक दार उघडं. हजार फाइलींच्या प्रोग्राममध्ये एका असेंब्ली फाइलनं हे होऊ शकतं. २०२२ पासून ग्नू लिंकर याचा इशारा छापू लागला आहे. माझ्या प्रयोगशाळेत तो इशारा दिसला की मुलं तो डावलतात, कारण प्रोग्राम चालतो. फॉरमॅटची ओळख असती तर डावलला नसता.

आणि हे फक्त असेंब्लीपुरतं नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमधल्या ॲपमध्ये सी किंवा सी++ चा भाग असेल, तर तो एल्फ फाइल म्हणूनच येतो. अँड्रॉइडच्या नव्या फोनांत मेमरीचं पान ४ ऐवजी १६ किलोबाइटचं असू शकतं, म्हणून गूगल प्लेनं १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्यासाठीच्या नव्या ॲपना आणि सुधारणांना १६ किलोबाइटची अट घातली. म्हणजे एल्फ फाइलमधले भाग १६ किलोबाइटच्या हद्दीवर लावलेले हवेत. पुण्यात ॲप करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा त्या दिवसांत फोन आला होता. तिचा कोड बिनचूक होता, पण एक जुनी लायब्ररी ४ किलोबाइटच्या हद्दीवर लावलेली होती. तिनं ती फाइल उघडून तक्त्यात तो आकडा स्वतः शोधून काढला होता आणि मला फक्त खात्री करून घ्यायची होती. मला त्या फोनचा झालेला आनंद अजून आहे. चाकणच्या कारखान्यांत गाडीच्या कंट्रोलरवर काम करणारी माझी मुलं सांगतात की त्यांच्याकडे प्रोग्राम येतो तो एस-रेकॉर्ड किंवा इंटेल हेक्समध्ये. यांतली एस-रेकॉर्ड ही १९७० च्या दशकात मोटोरोलानं ६८०० या प्रोसेसरसाठी केलेली रीत आजच्या गाड्यांत चालू आहे. १९९७ ची माझी ती रात्र त्यांच्या वाट्याला येऊ नये.

मी मागते आहे ते फार नाही. विषयाचे तास वाढवा, असं मी म्हणत नाही. प्रॅक्टिकलच्या शीटवर आज्ञेच्या शेजारी एक ओळ छापा: ही फाइल लिनक्सचा ६४ बिटांचा लिंकर उघडणार आहे, म्हणून एल्फ६४. तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठेवा. हाच प्रोग्राम चिपमध्ये भरायचा असता तर काय लिहिलं असतंस? आणि विंडोजच्या सी प्रोग्रामला जोडायचा असता तर? याचं पाठ केलेलं उत्तर देता येत नाही, कारण फाइल पुढे कोण उघडणार, हे परीक्षक बदलू शकतो. ज्या मुलानं एकदा तरी हातानं फाइल उघडून पाहिली आहे तो उत्तर देईल, आणि ज्यानं पाहिली नाही तो शीट आठवायचा प्रयत्न करेल. परीक्षकाला दोघांतला फरक एका मिनिटात कळतो.

या जानेवारीत मी माझ्यापुरती सुरुवात केली. पहिल्या प्रॅक्टिकलला पडद्यावर काहीच छापायचं नाही, असं ठरवलं. तीन ओळींचा प्रोग्राम दिला: ईएएक्समध्ये ६०, ईडीआयमध्ये शून्य, आणि लिनक्सला हाक. हा प्रोग्राम सुरू होतो आणि लगेच संपतो, दुसरं काही करत नाही. वरती बिट्स ६४ लिहायला लावलं आणि तीच फाइल तीनदा असेम्बल करायला सांगितली: बिन, एल्फ६४, विन६४. मग तिन्हींची लांबी मोजा आणि तिन्ही हेक्समध्ये उघडून बघा.

बिन निघाली नऊ बाइटची. बी८ ३सी ०० ०० ००, ३१ एफएफ, ०एफ ०५. संपली. विन६४ ची त्याहून मोठी, कारण तिच्यात नुसतं हेडरच २० बाइटचं आणि प्रत्येक सेक्शनच्या नोंदीला ४० बाइट. एल्फ६४ ची तर काही शे बाइटची: ६४ बाइटचं हेडर आणि प्रत्येक सेक्शनमागे आणखी ६४. मुलांनी तिन्ही फाइलींमध्ये ते नऊ बाइट शोधून पेन्सिलीनं गोल केले. कुणाला लगेच सापडले, कुणाला वेळ लागला. तासभर वर्गात कुजबुज होती, पण कुणीही फोन काढला नाही, हे मी पाहिलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. तिनं एल्फची फाइल ओळीनं उतरवून काढली होती आणि प्रत्येक भागाशेजारी 'हे कोण वाचतं' असं लिहून पुढे 'लिंकर' लिहिलं होतं. बऱ्याच ठिकाणी बरोबर होतं.

"मॅडम, ही फाइल लिंकर उघडतो. मग लिंकर जी फाइल देतो, ती कोण उघडतं?"

तास संपत आला होता. तिच्या वहीत मी नवीन पान उलटलं, वर पुढच्या गुरुवारची तारीख घातली आणि खाली 'लोडर' एवढंच लिहून दिलं.